बाटली कधी उघडली?

गावात मोफत नेत्र शिबिराचा फलक लागला की त्यावर सर्वात मोठा फोटो पुढाऱ्याचा असतो. त्याखाली डॉक्टरांची नावे असतात आणि अगदी तळाशी 'येताना रेशन कार्ड व आधार कार्डाची झेरॉक्स आणावी' अशी सूचना असते. डोळ्यात कोणते औषध घालणार, डोळा आतून कोणत्या पाण्याने धुणार, याविषयी फलकावर एक शब्द नसतो. तो असावा असे कोणाला वाटतही नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ सरकारी रुग्णालयांच्या औषध भांडारात नोकरी केली. पदाचे नाव औषध निर्माता. लोक शेवटपर्यंत कंपाउंडरच म्हणत राहिले. या नोकरीत एक गोष्ट वारंवार पाहिली. गरिबाचा डोळा गेला की आधी चर्चा होते ती डॉक्टरांच्या हाताची, मग रुग्णाच्या नशिबाची, मग त्याच्या अस्वच्छ राहणीची. बाटलीची चौकशी सर्वात शेवटी होते आणि तोवर बाटली कचऱ्यात गेलेली असते.

उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात खुर्जा नावाचे गाव आहे. चिनी मातीच्या भांड्यांसाठी ते प्रसिद्ध. तेथे एप्रिल १९८६ मध्ये लायन्स क्लबने नेत्र शिबिर भरविले होते. सुमारे १०८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यापैकी ८८ मोतीबिंदूच्या. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८४ जणांचे डोळे कायमचे निकामी झाले. पुन्हा वाचा, ८४! एखाद्या डॉक्टराचा हात एकदा चुकेल, दोनदा चुकेल. ८४ वेळा एकाच रीतीने चुकत नाही. चौकशीत कारण निघाले ते साध्या मिठाच्या पाण्याचे. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरलेले 'नॉर्मल सलाईन' दूषित होते आणि त्यातून जंतू थेट डोळ्याच्या आत पोहोचले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 'ए. एस. मित्तल विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार' या नावाने १९८९ साली त्याचा निकाल लागला. पीडितांना आधी अंतरिम मदत म्हणून पाच हजार रुपये मिळाले होते. न्यायालयाने आणखी १२,५०० रुपये देण्यास राज्य सरकारला सांगितले. एकूण साडेसतरा हजार. मानवतेच्या भूमिकेतून दिलेली ही मदत होती. शिबिराला येणारा माणूस मोतीबिंदूने आधीच अंधुक पाहणारा, बहुधा वृद्ध, बहुधा मोलमजुरी केलेला. त्याच्या डोळ्याची किंमत काय धरायची, हा प्रश्न त्या साडेसतरा हजारांत कायमचा अडकून पडला आहे.

नॉर्मल सलाईन म्हणजे काय? शंभर मिली पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ. यापेक्षा साधे औषध जगात नसेल. म्हणूनच त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. महागड्या लेन्सची नोंद होते, पण सलाईनच्या बाटलीवरचा बॅच नंबर कोणी उतरवून घेत नाही. डोळ्याच्या आतला भाग मात्र शरीराच्या इतर भागांसारखा नाही. बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात, आतल्या पारदर्शक द्रवातही रक्त फिरत नाही. त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पेशी तेथे उशिरा पोहोचतात. हाताला जखम झाली, पू झाला तरी हात सहसा वाचतो. डोळ्यात तेच जंतू शिरले तर एक-दोन दिवसांत बुबुळ पांढरे पडून विरघळू लागते. यात सर्वात दुष्ट जंतू स्यूडोमोनास. हा नळाच्या तोटीत, हात धुण्याच्या बेसिनमध्ये, ओल्या फडक्यात राहतो. त्याला खाण्यासाठी फारसे काही लागत नाही आणि काही सौम्य जंतुनाशकांतही तो तग धरतो. डोळ्यातील जखम दिसावी म्हणून फ्लोरेसिन नावाचे पिवळे औषध डोळ्यात घालतात. पूर्वी ते बाटलीत विरघळवून ठेवीत. त्याच बाटल्यांत स्यूडोमोनास वाढतो आणि तपासणीसाठी आलेल्यांचेच डोळे जातात, असे दिसून आले. मग बाटली गेली आणि कागदाच्या कोरड्या पट्ट्या आल्या. आज डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर पापणीला नारिंगी टोकाची कागदी पट्टी लावतात, तिच्यामागे हा इतिहास आहे.

निर्जंतुक हा शब्द आपण सैल वापरतो. उकळलेले पाणी निर्जंतुक नसते, कारण काही जंतूंची बीजे उकळीतही जिवंत राहतात. त्यासाठी वाफ कोंडून १२१ अंश सेल्सिअसला किमान पंधरा मिनिटे ठेवावी लागते. औषध उष्णतेने बिघडणारे असेल तर ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून जंतुरहित खोलीत भरावे लागते. या देशात शुद्धतेच्या नावाने माणसाला विहिरीवरून हाकलले गेले, त्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला. त्या शुद्धतेला मोजमाप नव्हते. निर्जंतुकतेला मोजमाप आहे: अंश, मिनिटे, मायक्रॉन. तिला कोणाची जात कळत नाही. शल्यविशारदाचा हात असो की सफाई कामगाराचा, हातमोजा नसेल तर दोन्ही हात तिच्या लेखी सारखेच.

बाटली कारखान्यातून निर्जंतुक आली तरी झाकण उघडले की नवी अडचण सुरू होते. ड्रॉपर पापणीला टेकतो, हवा आत जाते, बोट लागते. म्हणून रोज थेंब घालायच्या बाटलीत जंतू वाढू नयेत यासाठी परिरक्षक द्रव्य घालतात. डोळ्याच्या औषधात सर्वात जास्त वापर बेंझाल्कोनियम क्लोराईडचा, प्रमाण ०.०१ टक्का. ते जंतूंचे आवरण साबणासारखे फोडते. पण जे द्रव्य जंतूचे आवरण फोडते ते आपल्या पेशींनाही सोडत नाही. डोळ्याच्या वरच्या भागावर थोडे चालते. तेच शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत गेले तर बुबुळाच्या आतल्या अस्तराच्या पेशी मरतात, आणि माणसात त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे घरी वापरण्याच्या बाटलीत परिरक्षक पाहिजे आणि शस्त्रक्रियेच्या द्रवात ते अजिबात नको. मग शस्त्रक्रियेच्या द्रवाला राखण कोणाची? एकच: एका रुग्णासाठी एक सीलबंद डबी, उरलेले फेकून द्यायचे. अडचण येते ती इथे. फेकणे म्हणजे पैसा फेकणे, आणि मोफत शिबिरात पैसा नेहमी कमीच असतो.

भुलीच्या औषधाचीही हीच कथा आहे. गावठी जखमेला टाके घालताना टोचतात ते लिग्नोकेन ३० मिलीच्या काचेच्या व्हायलमध्ये येते. रबरी बुचातून पुन्हा पुन्हा सुई घालून काढायचे म्हणून त्यात मिथाइल पॅराबेन हे परिरक्षक असते. कमरेतून मणक्यात जी भूल देतात तिचे औषध वेगळे. बुपिव्हाकेनचे ४ मिलीचे अँप्युल, त्यात परिरक्षक नाही, एकदाच वापरायचे. तीन मिली टोचले आणि एक उरले तर ते पुढच्या बाईसाठी ठेवायचे नाही. मी एका ग्रामीण रुग्णालयात असताना व्हायलच्या बुचात सुई कायमची खोचून ठेवलेली असे. दर वेळी नवी सुई कोण घालणार! ती सुई म्हणजे जंतूंसाठी उघडे ठेवलेले दार. भांडारातून मी सुया पाठवीत होतो, पण मागणीपत्रावर त्या निम्म्या करून येत. शेवटी एका सिस्टरने सुरुवात केली. व्हायल उघडली की चिकटपट्टीवर तारीख-वेळ लिहून ती बाटलीला लावायची. तिला सगळे हसले. पुढे तिची बदली झाली आणि पट्ट्याही गेल्या. मी तेव्हा तिच्या बाजूने जितके बोलायला हवे होते तितके बोललो नाही, हेही येथे लिहून ठेवतो.

जंतू मारण्याच्या नादात माणूस कसा मारला जातो, याचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी चेस्टरफील्डच्या रुग्णालयात अल्बर्ट वूली आणि सेसिल रो या दोन पुरुषांवर एकाच दिवशी किरकोळ शस्त्रक्रिया झाल्या. दोघांना मणक्यातून न्यूपरकेनची भूल दिली. दोघेही कमरेखाली कायमचे लुळे झाले. खटला १९५३ मध्ये उभा राहिला. औषधाचे काचेचे अँप्युल बाहेरून निर्जंतुक राहावे म्हणून फिनॉलच्या द्रावणात बुडवून ठेवीत असत. काचेला डोळ्यांना न दिसणारे तडे गेले असतील, त्यातून फिनॉल आत झिरपले असेल आणि तेच मणक्यात गेले असेल, असे न्यायालयाने मानले. अशा तड्यांची कल्पना १९४७ मध्ये कोणाला नव्हती, इशारा छापून आला तो १९५१ मध्ये. म्हणून १९५४ च्या अपिलात न्यायमूर्ती डेनिंग यांनी सांगितले की १९४७ च्या अपघाताकडे १९५४ चा चष्मा लावून पाहता येणार नाही. दोघांना भरपाई मिळाली नाही. पुढे १९९० मध्ये नवी मांडणी पुढे आली: उपकरणे उकळण्याचे भांडे आम्लाने साफ केले होते, ते आम्ल भांड्यात राहिले आणि सुई-सिरिंजमधून मणक्यात गेले. खरे कारण यातले कोणतेही धरा, इजा केली ती निर्जंतुक करण्याच्या साधनानेच. या प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये कित्येक वर्षे मणक्याच्या भुलीची लोकांनी आणि डॉक्टरांनीही धास्ती घेतली होती.

डेनिंग यांचे म्हणणे १९४७ पुरते मान्य करू. पण दूषित सलाईनबद्दल १९८६ मध्ये कोणता चष्मा लागत होता? वाफेचे तापमान, सीलबंद बाटली, बॅच नंबर हे सारे तेव्हा पाठ्यपुस्तकात होते. आम्हाला माहीत नव्हते, असे कोणी म्हणू शकत नव्हते.

वाचक विचारतील, औषध तपासूनच बाजारात येते ना? येते. पण तपासणी कशी होते ते समजून घ्या. बाटली उघडल्याशिवाय तिच्यात जंतू आहेत की नाहीत हे कळत नाही, आणि उघडली की ती विकता येत नाही. म्हणून हजारोंच्या लॉटमधून साधारण वीस बाटल्या घेऊन त्यातील औषध पोषक द्रवात चौदा दिवस ठेवतात. समजा त्या लॉटमध्ये शंभरातली एक बाटली दूषित आहे. वीस बाटल्यांच्या नमुन्यात ती एकही न येण्याची शक्यता गणिताने सुमारे ८२ टक्के निघते. म्हणजे असे शंभर दूषित लॉट तपासायला दिले तर ८२ 'उत्तीर्ण' होतील! हजारात एक दूषित असेल तर ९८ सुटतील. तेव्हा प्रयोगशाळेच्या दाखल्यावर विसंबून चालत नाही. भट्टीत वाफ पोहोचली का, गाळणी फाटली नव्हती ना, भरणाऱ्या खोलीत कोण कसे गेले, याची त्या-त्या दिवसाची नोंद हाच खरा पुरावा.

हे १९७२ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ शहरातील डेव्हनपोर्ट रुग्णालयात सिद्ध झाले. एका नामांकित कंपनीचे डेक्स्ट्रोज सलाईन शिरेतून दिल्यानंतर पाच रुग्ण दगावले. चौकशीत दिसले की वाफेच्या भट्टीत तळाशी हवा अडकली होती, त्यामुळे खालच्या भागातील बाटल्या पुरेशा तापल्याच नाहीत. तापमान कमी असल्याचे यंत्र दाखवीत होते. कामगारांनी गृहीत धरले की यंत्रच बिघडले असेल.

आता आपल्या जवळचे पाहू. २०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेत कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांमुळे स्यूडोमोनासची साथ पसरल्याचे उघड झाले. हा जंतू जवळजवळ सर्व प्रतिजैविकांना दाद न देणारा. मे २०२३ पर्यंत १८ राज्यांत ८१ रुग्ण नोंदले गेले; चार जण दगावले, चौदा जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला. थेंब तयार झाले होते चेन्नईजवळच्या ग्लोबल फार्मा हेल्थकेअरच्या कारखान्यात. रोज उघडायच्या बाटलीत पुरेसे परिरक्षक नसणे आणि जंतूंच्या चाचण्यांतील उणिवा यांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बोट ठेवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डोळ्यांच्या २६ उत्पादनांविरुद्ध इशारा निघाला. ती बनविणारी किलिच हेल्थकेअर आपल्या मुंबई परिसरातली. कारखान्यात अस्वच्छता आणि निर्मितीच्या महत्त्वाच्या जागांच्या नमुन्यांत जंतू आढळल्याचे सांगण्यात आले, माल परत मागविला गेला. त्या औषधांनी कोणाला इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

अमेरिकेतील ते ८१ रुग्ण अठरा राज्यांत विखुरलेले होते. कोणाचा डोळा, कोणाचे फुप्फुस, कोणाची लघवी. तरी धागा एका बाटलीपर्यंत पोहोचला. कारण प्रत्येक ठिकाणी कोणते औषध वापरले याची विचारपूस करता आली, जंतूचा नमुना जपून ठेवलेला होता, त्याची तुलना करता आली. आपल्याकडे? जानेवारी २०१९ मध्ये मुंबई महापालिकेच्या जोगेश्वरीतील रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पाच जणांची त्या डोळ्याची दृष्टी गेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील बडवानीच्या सरकारी रुग्णालयात चाळीसहून अधिक जणांचे डोळे गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारच्या मुजफ्फरपूर येथे एका दिवसात ६५ शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर पंधराहून अधिक जणांचा डोळा काढून टाकावा लागला. तंबूतल्या शस्त्रक्रिया मागे पडल्या, रुग्णालयाची पक्की इमारत आली, तरी बातमीचे वळण तेच राहिले. निलंबन, चौकशी समिती, मदतीची घोषणा. बाटलीचा बॅच नंबर बातमीत क्वचितच येतो.

कायदा मुका आहे असे नाही. औषध नियम १९४५ मध्ये 'एफएफ' नावाचे परिशिष्ट खास डोळ्यांच्या औषधांसाठी आहे. कोणते परिरक्षक किती घालावे हे त्यात दिले आहे. शस्त्रक्रियेत वापरायच्या द्रवात परिरक्षक असू नये आणि तो एकेरी वापराच्या पॅकमध्येच असावा, असेही त्यात लिहिले आहे. बाटलीवर छापायच्या सूचनाही ठरवून दिल्या आहेत: उघडल्यापासून एक महिन्यात वापरावी, ड्रॉपरचे टोक कशालाही लावू नये, जळजळ वाढल्यास थांबवून डॉक्टरांना विचारावे. या सूचना छापल्या जातात. मुंगीएवढ्या अक्षरात आणि इंग्रजीत. मोतीबिंदू झालेल्या माणसाने त्या वाचाव्यात अशी अपेक्षा आहे!

आमच्या वस्तीत एका आजींचे ऑपरेशन दिवाळीच्या सुमारास झाले. शिमग्याला नातवाचे डोळे आले तेव्हा आजी तीच बाटली त्याच्या डोळ्यात घालत होत्या. मी विचारले, "आजी, ही कधी उघडली?" त्या म्हणाल्या, "अरे बाबा, दवाखान्यानं फुकट दिलीय, फेकायची कशी? अजून निम्मी हाय." मधल्या काळात ती बाटली सुनेने, शेजारणीनेही वापरली होती. आजींचे काय चुकले? एक महिन्यानंतर बाटली फेकायची, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सुटी देताना जे कार्ड हातात ठेवले त्यावर डॉक्टरांची सही होती, शिक्का होता आणि पुढच्या तपासणीची तारीख होती.

त्या कार्डावर आणखी तीन ओळी यायला हव्यात. डोळा धुण्यासाठी वापरलेल्या द्रवाचे नाव व बॅच नंबर. भुलीच्या औषधाचे नाव व बॅच नंबर. घरी दिलेले थेंब कधी उघडले आणि कोणत्या तारखेला फेकायचे, हे मराठीत. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. भांडाराच्या नोंदवहीत हे आकडे आधीच असतात, ते कार्डावर उतरवायचे आहेत. अधिकारी म्हणतील, कर्मचारी कमी आहेत. कमी आहेतच. पण पुढाऱ्याच्या फोटोसह प्रमाणपत्रे छापायला आणि वाटायला जी माणसे मिळतात, त्यातल्या एकाला पेन देऊन टेबलाशी बसविता येईल. जिल्हा शल्यचिकित्सकांना याचे निवेदन आपल्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी द्यावे, आणि पावतीची पोच घ्यावी. हिवाळ्यात शिबिरांचे फलक पुन्हा लागतील, त्याच्या आधी ते दिले गेले पाहिजे.